साफ नसांचं दुखणं

मुखेडच्या सुमनबाईंबद्दल मी म्हणालो होतो, "काही नाही." ते चुकीचं होतं. चार माणसांच्या देखत, हसतमुखाने आणि पूर्ण खात्रीने म्हणालो होतो. डॉक्टरकीतले अनुभव लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना अवघड केसेस, वाचलेले जीव असं काही हवं असावं. तेही आहेत माझ्याकडे. पण कागद पुढे घेतला की हेच वाक्य आधी आठवतं, म्हणून आधी तेच लिहून टाकतो.

मी नांदेडला हृदयरोगतज्ज्ञ आहे. माझं रोजचं काम म्हणजे अँजिओग्राफी. ज्यांना तिची वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मनगटातल्या रक्तवाहिनीतून एक बारीक, लवचिक नळी हृदयापर्यंत सरकवायची, तिच्यातून एक द्राव सोडायचा. एक्स-रेला तो द्राव दिसतो. पडद्यावर धडधडत्या हृदयावरच्या नसा काळ्या फांद्यांसारख्या क्षणभर उमटतात आणि विरून जातात. फांदी कुठे अरुंद दिसली की तो ब्लॉक. रुग्ण सगळा वेळ जागा असतो, कधी कधी तो पडद्याकडे बघून "माझंच का हे?" असंही विचारतो.

काम झालं की एक रीत ठरलेली असते. डॉक्टर तोंडावरचा मास्क खाली ओढून दाराबाहेर येतो. बाहेर नातेवाईक उभे असतात. ब्लॉक असेल तर घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाला आत बोलावून चित्र दाखवायचं. नसा साफ असतील तर दारातूनच हात हलवून सांगायचं, "मोकळं आहे सगळं!" मग कुणीतरी पेढे आणायला पळतं. रुग्ण आत ट्रॉलीवर असतो. त्याच्याबद्दलची बातमी त्याला सगळ्यांच्या शेवटी कळते. ही रीत मी कधी तपासून बघितली नाही. पेढे मात्र खाल्ले.

सुमनबाई आणि त्यांचे यजमान मारोतराव मुखेडला बसस्टँडजवळ खानावळ चालवतात. गल्ल्यावर मारोतराव, वाढायला त्यांचा धाकटा भाऊ बालाजी आणि चुलीपुढे सुमनबाई. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसं उतरली की सकाळपासून ज्वारीच्या भाकरी थापायच्या त्या दुपार कलेपर्यंत. वय पन्नाशीच्या अलीकडचं. ब्लडप्रेशर होतं, गोळी चालू होती. तक्रार त्यांनी एका वाक्यात सांगितली होती : "भाकरी थापाया बसलं की छातीवर कुणी पाटा ठेवल्यागत होतंय, अन् बसले उगी की जातंय."

मी त्यांना पट्ट्यावर चालवलं. ही चाचणी आता सगळ्यांना माहीत आहे. पट्टा पळतो, माणूस चालतो, छातीला तारा लावलेल्या. चालताना त्यांच्या ईसीजीत स्पष्ट बदल दिसला. म्हणून अँजिओग्राफी केली. नसा अगदी साफ होत्या. इतक्या सुरेख नसा त्या वयात क्वचित बघायला मिळतात.

मी बाहेर आलो. मारोतराव, बालाजी आणि शेजारचे दोघं उभे होते.

"साफ आहेत नसा. काही नाही."

"म्हंजे हार्टचं काईच न्हाई?" मारोतरावांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग ते पट्ट्यावर काय आल्तं?"

"बायकांमध्ये ती तपासणी कधी कधी उगाच खराब येते. टेन्शन असतं, गॅस असतो."

बालाजीने भावाच्या पाठीवर थाप मारली. "मी म्हणलो नव्हतो, दादा? वहिनीचं बरं बाजारच्या दिवशीच दुखतंय! आमुशाला कामून दुखत न्हाई?"

अमावस्येला खानावळ बंद असते. सगळे हसले. मीही हसलो.

आमच्या धंद्यात ही चूक करायला शिकलेला माणूसच लागतो. बाजाराच्या दिवशी दुखतं, कारण त्या दिवशी सगळ्यात जास्त कष्ट पडतात. हृदयाचं दुखणं असंच असतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. बालाजी विनोद म्हणून जे बोलला ते खरं तर निदान होतं. माझ्यापुढे दोन साक्षीदार होते, एक सुमनबाई आणि एक पट्टा. दोघांचं म्हणणं जुळत होतं. पण माझ्या चित्रात ते दिसलं नाही, म्हणून मी दोघांनाही खोटं ठरवलं.

आत गेलो तेव्हा त्यांनी ट्रॉलीवरूनच विचारलं, "साहेब, मग दुखतंय ते काय हाय?"

"मनातून काढून टाका," मी म्हणालो.

काही महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. मारोतरावच बोलले, त्या खाली बघत होत्या. मी म्हणालो, "बाई, तुमच्या नसा मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात." त्यानंतर त्या आल्या नाहीत. बरं वाटलं असेल, असं मी धरून चाललो. न येणारा रुग्ण बरा झाला असं धरून चालणं, हीसुद्धा आमची एक सवय.

पुढे धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी आले. गंगाधरशेठ म्हणू या त्यांना. अंगाने भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. पहाटे चारच्या सुमाराला छातीत कळ येऊन जाग यायची, घाम फुटायचा, पाव तासात सगळं शांत. दिवसा मात्र मिरचीच्या पोत्यांच्या थप्पीवर चढले-उतरले तरी काही नाही. अँजिओ केली. नसा साफ. मी नेहमीप्रमाणे हात हलवून सांगितलं. शेठ ट्रॉलीवर उठून बसले.

"असं कसं? आमच्या आडतीत समद्यांना एक-एक स्प्रिंग हाय. मला एक तरी टाका की."

"शेठ, ब्लॉक नाही तर स्टेंट कुठं टाकू?"

"ते तुमी बगा. साफ हाय तर दुखतंय कामून? मी काय लबाड बोलून राहिलो का? मी आता घरीच जात न्हाई."

आणि खरंच गेले नाहीत. खोली घेऊन राहिले. नर्सेसना मी सांगून ठेवलं की कळ आली की आधी ईसीजी काढा, मग मला बोलवा. दुसऱ्याच पहाटे तो ईसीजी मिळाला. कळ चालू असताना ईसीजीची रेघ अशी उंच चढलेली, की मोठा हार्ट अटॅकच वाटावा. जिभेखाली गोळी ठेवली आणि रेघ डोळ्यांदेखत खाली आली. नस साफ होती, पण पहाटे ती आपली आपण आवळत होती. गच्च मूठ वळावी तशी. दिवसा अँजिओ करताना मूठ उघडी, म्हणून चित्र सुंदर. त्यावरची साधी गोळी दिली आणि शेठची पहाटेची झोप परत आली.

मला या प्रकाराने झपाटलं. पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण एक नस माझ्या पाठीमागे असं काही करते आणि माझ्यासमोर साळसूद उभी राहते, याची गंमत वाटत राहिली. मग हळूहळू गंमत कमी झाली. शेठनी विचारलेला प्रश्न मला आधीही कुणीतरी विचारला होता. तोच प्रश्न, फक्त हळू आवाजात. शेठ पुरुष होते, पैसेवाले होते, ओरडत होते. म्हणून मी ईसीजी काढायला माणूस बसवला. सुमनबाईंना मी मनातून काढून टाकायला सांगितलं होतं.

लातूरला माझा मित्र आहे सलीम. रेडिओलॉजिस्ट. हैदराबादला राहून तो हृदयाचा एमआरआय शिकून आला होता आणि त्याच्या सेंटरमध्ये नवं मशीन बसवलं होतं. त्याला मी शेठची हकिगत फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितली. तो हसायला लागला.

"यार, तू अँजिओत काय बघतोस? मोठ्या नसा. त्यांच्या पुढं केसापेक्षा बारीक नसांचं अख्खं जाळं हाय, ते तुझ्या पडद्यावर दिसतच न्हाई. धरण भरलेलं, मोठी पाइपलाइन फुल्ल, अन् आमच्या गल्लीत नळाला टिपूस न्हाई. लातूरवाल्याला हे तू काय शिकवतोस?"

"मग गल्लीतलं पाणी बघायचं कसं?"

"नळ बघायचाच नाही. रान भिजलं का ते बघायचं. पाठव कुणालातरी."

कुणाला पाठवायचं हे मला ठाऊक होतं. पण मुखेडला फोन करून "या, मी चुकलो असेन," असं म्हणण्याचं धाडस झालं नाही. आज करू, उद्या करू करत राहिलो. शेवटी त्याच आल्या. एकट्या.

वाळल्या होत्या. खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "गोळ्या नको, तपासणी नको. मी लबाड हाय का, एवढंच सांगा."

मग हळूहळू कळलं. माझ्या त्या वाक्यानंतर घरात त्यांच्या दुखण्यावर पडदाच पडला होता. मारोतराव वाईट माणूस नव्हे, त्यांनी पायही दाबून दिले, पण म्हणायचे, "डॉक्टरनं आतून बघितलंय गं." बालाजीला तर चेष्टेचा विषयच मिळाला होता. सुमनबाई परातीपुढून उठल्या की तो गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगायचा, "थांबा जरा, वहिनीचा हार्ट आलाय!" त्या मग कळ आली की पाणी आणायचं निमित्त काढून मागच्या टाकीला धरून उभ्या राहायच्या. आता दोघा भावांनी एका वसतिगृहाच्या जेवणाचं काम धरायचं ठरवलं होतं. रोजच बाजाराचा दिवस. सुमनबाई नाही म्हणाल्या. त्यावरून घरात भांडण पेटलं. काम चुकवायला सोंग करते, असं पहिल्यांदाच मारोतराव बोलले.

"पुढच्या महिन्यात काम चालू होतंय. मी मेले तरी चालंल," त्या म्हणाल्या, "पर आता मलाच वाटायलंय, मी सोंग करत असंन. डॉक्टर का खोटं बोलंल?"

मी त्यांना लातूरला पाठवायचं ठरवलं. स्वतःही जायचं ठरवलं.

पहिली फेरी वाया गेली. या तपासणीत एक औषध शिरेतून देतात. धावल्यावर हृदयाच्या नसा जशा सैल होतात तशा ते झोपल्या जागी करतं. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी घेतली असेल तर ते औषध लागूच पडत नाही. हे मी दोनदा बजावलं होतं. बरोबर मारोतराव आले होते.

"चहा घेतला का, भाभी?" सलीमने विचारलं.

"न्हाई बा."

"अगं, अहमदपूरला घेतला की," मारोतराव म्हणाले.

"तो काय चहा होता? बशीभर. निस्तं गरम पानी."

सलीमने कपाळाला हात लावला. "बशीभर बी चालत न्हाई, भाभी. आता घरी जा, पुढल्या आठवड्यात या. अन् भाऊसाहेब, येताना गाडी अहमदपूरला थांबवू नका."

आपल्या भागात माणसाने गावावरून यावं आणि चहा न पिता राहावं, ही अट घालणारा डॉक्टर मूर्खच म्हणायचा. पुढच्या आठवड्यात मात्र दोघंही बिनचहाचे आले. डोकी दुखत होती दोघांची.

गळ्यातली पोत, बांगड्या निघाल्या. जोडवी निघेनात, साबण लावून सलीमच्या सिस्टरने ती काढली. सुमनबाईंना त्या बोगद्यात सरकवलं. हातात रबरी फुगा दिला, काही झालं तर दाबायला. मी कानांत बोळे घालून त्यांच्या पायापाशी उभा राहिलो, कारण ते औषध देताना डॉक्टर जवळ असावा लागतो. काचेपलीकडून सलीमचा आवाज माइकवर येत होता. "श्वास घ्या... सोडा... आता थांबा, भाभी, भाकर उलथताना थांबता तसं."

औषध सुरू झालं. थोड्याच वेळात आतून आवाज आला, "हेच! साहेब, हेच ते! पाटा ठेवला बगा!"

मी घाईने काही ठरवलं नाही. या औषधाने धडधाकट माणसाचीही छाती दाटते, त्यामुळे ते ओरडणं पुरावा म्हणून धरता येत नाही. औषध थांबल्यावर दोन-चार मिनिटांत ते दाटणंही गेलं. मग आम्ही त्यांना थोडा वेळ तसंच ठेवलं आणि शांत हृदयाची चित्रं पुन्हा काढली.

त्यानंतर सलीमच्या पडद्यासमोर बसलो. एवढी वर्षं हृदयाचं काम करतोय, पण हे चित्र बघताना मी नव्या मुलासारखा खुर्चीच्या कडेवर आलो होतो. अँजिओत फांद्या दिसतात. इथे हृदयाचा आडवा काप दिसतो, जाड कडं असावं तसा. शिरेतून दिलेला दुसरा द्राव येतो. आधी उजवा कप्पा उजळतो, मग डावा, मग खुद्द हृदयाचा स्नायू करड्याचा पांढरा होत जातो. रान भिजताना दिसतं. औषधाखाली काढलेल्या चित्रात कड्याची बाहेरची बाजू भिजली. आतल्या बाजूने मात्र काजळाची रेघ ओढावी तशी काळी कड राहिली. सगळीकडून, गोल.

"मशीनची चूक नसेल?" मी विचारलं. मनात काय होतं ते लिहितो : चूक असावी असं मला वाटत होतं.

"कधी कधी मशीन अशी कड दाखवतं, पण ती डोळा लवेस्तोवर जाते. ही बघ, थांबलीये. अन् आता शांत असतानाचं बघ."

दुसऱ्या चित्रात काळी कड नव्हती. विश्रांतीत रान पुरतं भिजत होतं. कष्टाच्या वेळी आतल्या थराला पाणी पोचत नव्हतं. बारीक नसा सैल होत नव्हत्या. भाकरी थापताना दुखतं, उगी बसलं की जातं. त्यांनी पहिल्या दिवशी एका वाक्यात सांगितलं होतं तेच मी एवढ्या मोठ्या यंत्रातून वाचत होतो.

सलीम माझ्याकडे बघत राहिला. "काय रे? निदान झालं तर तोंड असं का?"

मी मारोतरावांना आत बोलावलं. चित्रं दाखवली. त्यांनी काळ्या कडेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे ती खरं बोलत होती." मी मान हलवली. वसतिगृहाच्या कामाचं काय, हे मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "न्हाई धरत ते काम." आणि बाहेर जाऊन जिन्यात बसले.

औषधं सुरू केली. ब्लडप्रेशर आणखी ताब्यात आणलं, नसा सैल ठेवणारी गोळी दिली, चालायला सांगितलं, पीठ मळायला आणि थापायला मदतीला एक बाई ठेवायला लावली. दुखणं गेलं नाही. या आजारात ते बहुधा पुरतं जात नाही, आणि अजून आम्हाला त्याच्याबद्दल पुष्कळ कळायचं आहे. पण कमी झालं. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा चेहरा उजळलेला होता. मारोतराव बाहेर थांबले होते. मी संधी साधून म्हणालो, "सुमनबाई, माझं चुकलं त्या वेळी. माफ करा."

त्यांनी पदर सावरला. रागावल्या नव्हत्या.

"मला एकटीला सांगून काय उपेग, साहेब? मला तर ठावंच हाय की माझं दुखतंय. तवा तुमी समद्यांसमोर म्हणला होता. बालाजीभावजी अजून म्हणतेत, मशीनवाल्याला पैसे दिले असतील."

मी काहीतरी पुटपुटलो. कामं आहेत, ओपीडी आहे. त्या निघून गेल्या. मी दोन-तीन आठवडे मुखेडला जायचं टाळलं. या काळात मला दुसऱ्याही बायका आठवत राहिल्या. दारातून हात हलवून ज्यांना घरी पाठवलं त्या. त्यांची नावं मला आठवत नाहीत, चेहरेही धूसर आहेत. काहींना खरोखरच गॅस असेल. कुणाला होता आणि कुणाला नव्हता, हे आता मला कधीच कळणार नाही. आता नसा साफ निघाल्या आणि पट्टा खराब असला की मी दारातून काही बोलत नाही. आधी आत जातो, ट्रॉलीपाशी उभा राहतो आणि विचारतो, "दुखतं ते पुन्हा एकदा सांगा." काहींना लातूरला पाठवतो. काळी कड प्रत्येकीत निघत नाही. निघत नाही तेव्हाही मी "काही नाही" म्हणत नाही. "अजून सापडलं नाही" म्हणतो.

शेवटी एका बाजारच्या दिवशी मुखेडला गेलो. खानावळ भरलेली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली बाकडी, गिऱ्हाइकं दाटीने बसलेली. गल्ल्यावर मारोतराव होते. शेजारचे ते दोघंही चहा घेत होते. चुलीपुढे आता दोघी होत्या. दुसरी बाई थापत होती, सुमनबाई भाजत होत्या. मला बघून बालाजी वाढता वाढता ओरडला, "वहिनी, तुमचा हार्टवाला आला बगा!"

"पैले जेवू द्या त्यांना," सुमनबाई म्हणाल्या.

जेवलो. झुणका भाकर आणि कांदा. हात धुऊन मधोमध उभा राहिलो आणि जरा मोठ्याने बोलायला लागलो.

"मी नांदेडचा डॉक्टर. यांची अँजिओग्राफी मीच केली होती. कसं आहे, हृदयाच्या मोठ्या नसा असतात आणि त्यांच्यापुढे अगदी बारीक नसा असतात. अँजिओमध्ये त्या दिसत नाहीत. त्या वेळी आपल्याकडे त्या बघायची सोय नव्हती, त्यामुळे..."

"साहेब," चुलीपुढून सुमनबाई म्हणाल्या. हातातली भाकर त्यांनी खाली ठेवली होती. "नसाचं मागून सांगा. चुकलं कुनाचं, ते आधी सांगा."

बालाजीच्या हातातला भाजीचा डाव तसाच थांबला. मारोतराव गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "सोय नव्हती हे खोटं आहे. पट्ट्यावर दिसलं होतं आणि बाईंनी सांगितलंही होतं. यांचं दुखणं पहिल्या दिवसापासून खरं होतं. मी ते तुमच्यासमोर खोटं ठरवलं, आणि तुम्ही हसलात तेव्हा मीही हसलो. सुमनबाई, मला माफ करा."